बंद पडलेली गाडी सरहद्द ओलांडते तेव्हा

बांद्याच्या पुढे पत्रादेवी आली की महाराष्ट्र संपतो आणि गोवा सुरू होतो. बंद पडलेली गाडी टोचन करून तिथून म्हापशाला नेणं हे आमच्याकडे नेहमीचंच आहे. गावातल्या मेस्त्रीने हात टेकले, पार्ट मिळत नाही म्हणाला, की क्रेनवाल्याला फोन लावायचा, गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर चढवायची आणि तासाभरात पलीकडे. वाटेत कुणी हात केला तर आरसी आणि विमा दाखवायचा. एवढंच.

पण ही रेघ एकेकाळी दोन राज्यांची नव्हती, दोन देशांची होती. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तोवर पत्रादेवीच्या पलीकडे पोर्तुगीजांचं राज्य होतं. १५ ऑगस्ट १९५५ ला इथेच सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्या हुतात्म्यांचं स्मारक तिथे उभं आहे. सोयरीक दोन्ही बाजूंना, तुळशीचं लग्न दोन्हीकडे सारखंच, आणि मधे दोन सरकारांच्या चौक्या. आज आपण गाडी ओढत नेतो तेव्हा हे आठवतही नाही. मला मात्र गेल्या वर्षी ते नीट आठवलं, कारण माझ्या मामेभावाची गाडी खऱ्याखुऱ्या आंतरराष्ट्रीय सरहद्दीपलीकडे बसली.

मी सावंतवाडीत गाड्यांच्या विम्याची आणि आरटीओच्या कागदांची कामं करतो. त्यामुळे घरात कुणाची गाडी कुठेही अडली तरी पहिला फोन मला येतो. ती शुक्रवारची संध्याकाळ होती.

"दादा, गाडी बसली. तेल सगळा गळान गेला. आता काय करूचा?"

"तू खंय आसस?"

तो नेपाळात होता. कुटुंबाला घेऊन पोखऱ्याला गेला होता आणि परत येताना बुटवलच्या अलीकडे घाटात रस्त्यावर पडलेला दगड गाडीच्या पोटाला लागला. इंजिनखालचा तेलाचा सम्प फुटला. त्याने एक गोष्ट फार शहाणपणाची केली: डॅशबोर्डवर तेलाचा लाल दिवा लागताक्षणी इंजिन बंद केलं. या एका गोष्टीचं मोल पुढे विम्याच्या भागात कळेल.

त्या रात्री त्याला फोनवर जे जे समजावलं, ते इथे सविस्तर लिहितो. आपल्याकडून हल्ली पुष्कळ लोक स्वतःच्या गाडीने नेपाळ-भूतानला जातात, आणि रत्नागिरी-रायगडातल्या कितीतरी घरांतला एक तरी माणूस आखातात गाडी चालवतो. सरहद्दीपलीकडे गाडी बंद पडली की नेमकं काय होतं, हे निघण्याआधी माहीत असलेलं बरं.

पहिली गोष्ट ही की आपल्यासाठी गाडी म्हणजे गाडी. कस्टम्ससाठी मात्र ती माल आहे. लाखो रुपयांचा, चाकं असलेला माल. कुठल्याही देशात बाहेरून माल आला तर त्यावर आयात शुल्क लागतं. मग पर्यटकाची गाडी शुल्क न भरता आत कशी जाते? तर 'ही गाडी इथे राहायला आलेली नाही, अमुक दिवसांत परत जाणार आहे' या बोलीवर. याला तात्पुरती आयात म्हणतात. पाहुण्यासारखंच आहे: आला, राहिला, गेला तर प्रश्न नाही. राहिलाच, तर मात्र शुल्क आणि दंड.

नेपाळात हे काम भन्सार करतो. भन्सार म्हणजे तिथलं कस्टम्स. सोनौलीला भारताची हद्द संपली की पलीकडे बेलहिया लागतं. तिथे आरसी आणि लायसन्स दाखवून जितके दिवस राहायचं तितक्या दिवसांचं शुल्क भरायचं आणि पावती घ्यायची. भारतीय खासगी गाडीला वर्षाला ३० दिवसांची मर्यादा आहे. बोलताना लोक त्या पावतीलाच 'भन्सार' म्हणतात. ती पावती म्हणजे तुमच्या गाडीचा त्या देशातला व्हिसाच समजा.

इतर पुष्कळ देशांत याहून जड कागद लागतो. त्याचं नाव कार्ने द पासाज. फ्रेंच नाव आहे, आपले लोक नुसतं 'कार्ने' म्हणतात. गाडीने लंडनला निघालेल्या लोकांच्या हातात जी पुस्तिका दिसते ती हीच. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ती देते. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात: गाडी आत शिरताना एक भाग तिथलं कस्टम्स फाडून घेतं, बाहेर पडताना दुसरा घेतं, आणि तिसरा दोन्ही शिक्क्यांसह पुस्तिकेतच राहतो. तोच तुमचा पुरावा. पुस्तिका देण्याआधी संस्था तुमच्याकडून हमी घेते, कारण गाडी परत आली नाही तर त्या देशाचं शुल्क संस्थेच्या गळ्यात पडतं. नेपाळला जाणाऱ्या भारतीय गाडीला कार्ने लागत नाही, पण विचार तोच आहे. आत आल्याची नोंद झाली, तर बाहेर गेल्याचीही नोंद झालीच पाहिजे.

गाडी बंद पडली म्हणून हा हिशेब थांबत नाही. ही गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. इंजिन बंद आहे, गाडी गॅरेजात उभी आहे, मी काय हौसेने राहिलोय का, असं आपल्याला वाटतं. पण पावतीवरची तारीख पुढे सरकतच असते. मामेभावाने ७ दिवसांचं भन्सार भरलं होतं. गाडी बसली तो पाचवा दिवस, शुक्रवार. म्हणजे मुदत रविवारी संपणार. आणि नेपाळात शनिवारी सरकारी सुट्टी असते. मुदत वाढवून घ्यायची तर ती संपण्याआधी भन्सार कार्यालयात जायला हवं. गाडी मोडल्याचा पुरावा सोबत हवा: गॅरेजवाल्याच्या लेटरहेडवर दोन ओळी, गाडीचे फोटो, अपघात असेल तर पोलिसांचा कागद. मुदत संपल्यावर जाऊन कारण सांगणं आणि संपण्याआधी जाऊन अर्ज देणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला दंड भरून मोकळा होतो, दुसऱ्याचं म्हणणं ऐकून घेतलं जातं.

आता दुरुस्तीचं. अशा वेळी तीन वाटा असतात. जिथे गाडी पडली तिथेच, मिळेल त्या पार्टनी दुरुस्त करायची. किंवा पार्ट आपल्या देशातून मागवून तिथे बसवायचा. किंवा गाडीच ओढत परत आणायची.

पहिली वाट सगळ्यात सोपी, आणि जमत असेल तर तीच धरावी. बुटवलच्या मेस्त्रीने मामेभावाला सांगितलं, "सम्प अॅल्युमिनियमचा आहे, वेल्डिंग मारून देतो, पण गोरखपूरपर्यंत टिकेल याची हमी देत नाही." प्रामाणिक माणूस. त्या मॉडेलचा नवा सम्प त्याच्याकडे नव्हता.

दुसऱ्या वाटेवर पुन्हा कस्टम्स भेटतं, कारण पार्ट म्हणजेही मालच. पर्यटकांच्या गाड्यांबद्दलचा एक आंतरराष्ट्रीय करार १९५४ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. त्यात या प्रसंगाची तरतूद नीट करून ठेवली आहे: तात्पुरत्या आलेल्या विशिष्ट गाडीच्या दुरुस्तीसाठी आणलेले सुटे भाग शुल्काशिवाय आत येऊ शकतात. पण काढलेला जुना भाग परत न्यायचा. नाही नेला तर त्यावर शुल्क बसू शकतं, नाहीतर तो सरकारजमा करायचा किंवा अधिकाऱ्यांसमोर नष्ट करायचा. भंगाराच्या भावाने जाणाऱ्या तुकड्यासाठी इतकं कशाला, असं कुणीही विचारेल. कारण असं की 'दुरुस्तीचा पार्ट' म्हणून शंभर पार्ट आत आणून बाजारात विकता येतात. जुना भाग समोर ठेवला की खरंच बदल झाला हे दिसतं. आपल्याकडचा विम्याचा सर्व्हेअरही हेच करतो. तुटलेला बंपर बघितल्याशिवाय नव्याचं बिल तो मान्य करत नाही. म्हणून कुठेही दुरुस्ती करा, जुना भाग गोणपाटात बांधून डिकीत टाका. तेल गळत असेल तर प्लास्टिकमध्ये, पण टाकाच.

तिसरी वाट, ओढत आणण्याची. इथे खरी गुंतागुंत आहे, कारण आता सरहद्दीवर एक नाही, दोन गाड्या येतात. मोडलेली तुमची, आणि ती ओढणारी क्रेन. क्रेन कुठल्या देशाची?

भारतातली क्रेन नेपाळात बोलवायची तर तिलाही भन्सार, तिच्या ड्रायव्हरचे कागद, शिवाय ती धंद्याची गाडी. विमा फक्त भारतापुरता असेल तर पलीकडे काही घडल्यास जबाबदारी कुणाची? नेपाळची क्रेन भारतात आणायची तर हेच उलट्या बाजूने. बाहेरच्या देशाच्या मालवाहू गाडीने आत येऊन त्याच देशातल्या दोन ठिकाणांमध्ये भाड्याची वाहतूक करायची नाही, हा नियम जगभर बहुतेक देश पाळतात. सरहद्द ओलांडून एक खेप टाकणं वेगळं, पलीकडे जाऊन स्थानिक धंदा करणं वेगळं. क्रेनवाल्यांना हे पाठ असतं. म्हणून बहुतेक वेळा प्रत्यक्षात काय होतं? या बाजूची क्रेन सरहद्दीपर्यंत, त्या बाजूची क्रेन सरहद्दीपासून पुढे. मधलं अंतर गाडी ढकलत.

आपल्याकडच्या कायद्यात एक दिलाशाची गोष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ६६ मध्ये धंद्याच्या गाड्यांना परमिट लागतं असं सांगितलंय, पण बंद पडलेली गाडी सुरक्षित जागी ओढून नेणाऱ्या वाहनाला त्यातून सूट आहे. त्यामुळे बांद्याचा क्रेनवाला म्हापशाला निवांत जातो. ही सूट भारताच्या कायद्यातली आहे, सोनौलीच्या फाटकापलीकडे तिचा उपयोग नाही.

आणखी एक गाठ आहे, ती म्हणजे माणूस आणि गाडी यांची. काही देशांत गाडी ज्याने आत आणली त्याच्या नावावर, कधी कधी त्याच्या पासपोर्टवरच ती नोंदली जाते. मग तो माणूस गाडी मागे ठेवून एकटा बाहेर पडू शकत नाही, आणि गाडी दुसरा कुणी बाहेर काढू शकत नाही. बायको-मुलांना बसने पुढे पाठवता येतं, पण गाडी आणणाऱ्याने गाडीसोबतच राहायचं, हे धरून चालावं. मामेभावाला मी हेच सांगितलं. गाडी तुझ्या नावावर, भन्सार तुझ्या नावाने, तेव्हा क्रेनच्या केबिनमध्ये तूच बस. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर अधिकारपत्र सोबत हवं. गाडीवर बँकेचं कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आधीच घेऊन ठेवावं. हे घरून निघतानाच करायचं काम. डोंगरात उभं राहून ते होत नाही.

आता उलट प्रसंग बघा. समजा गाडी परदेशातच मोठी दुरुस्त झाली आणि परत आली. आपल्या कस्टम्सला यात काय घेणं-देणं? आहे. परदेशात दुरुस्तीला पाठवून परत आणलेल्या मालाबद्दल भारताची तरतूद कस्टम्सच्या अधिसूचनेत आहे. तिचा अर्थ असा: शुल्क पूर्ण मालाच्या किमतीवर लागत नाही, दुरुस्तीच्या रास्त खर्चावर लागतं. त्यात वापरलेल्या सामानाची किंमत आली, आणि जाण्यायेण्याचं दोन्ही बाजूंचं भाडं आणि विमाही आला. दुरुस्ती कुणी फुकट करून दिली तरी तिची रास्त किंमत धरली जाते. तत्त्व बरोबरच आहे. गाडी आपलीच होती, तिच्यात बाहेरून जे नवं आलं तेवढंच आयात झालं.

पण त्यासाठी गेलेली गाडी आणि आलेली गाडी एकच आहे हे पटवावं लागतं. ते पटतं चेसिस नंबर आणि इंजिन नंबरवरून. आरटीओत पासिंगच्या वेळी तुम्ही बघितलं असेल, चेसिसवर कोरलेल्या आकड्यांवर कागद ठेवून वर पेन्सिल घासतात आणि आकडे उमटवून घेतात. परदेशात इंजिनच बदललं तर आरसीवरचा नंबर आणि प्रत्यक्षातला नंबर जुळणार नाही. सरहद्दीवर प्रश्न, नंतर आरटीओत प्रश्न, विकताना प्रश्न, दाव्याच्या वेळी तर सगळ्यात मोठा प्रश्न. इंजिन बदलायची वेळ आली तर गाडी ओढत परत आणून इथेच बदला, आरटीओला रीतसर कळवून. क्रेनचे पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

आता विमा. रोजच्या कामात ज्या चुका बघतो त्या इथे होतात, म्हणून जरा थांबून लिहितो.

आपली नेहमीची मोटार पॉलिसी भारतापुरती असते. बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव या सहा देशांपर्यंत ती वाढवता येते, त्याला भौगोलिक विस्तार म्हणतात. इंडिया मोटर टॅरिफ या विम्याच्या जुन्या दरपत्रकात त्याचा दर पूर्ण पॉलिसीसाठी ५०० रुपये आणि नुसत्या थर्ड पार्टीसाठी १०० रुपये असा दिलेला होता. इतका छोटा आकडा. पण तो आपणहून मागावा लागतो. मामेभावाने पॉलिसी मोबाइलवर घेतली होती आणि त्याच्या कागदावर तो रकाना रिकामा होता. म्हणजे नेपाळच्या घाटात झालेल्या नुकसानीचा एक रुपयाही मिळणार नव्हता. हे त्याला फोनवर सांगणं मला जड गेलं, पण खोटी आशा दाखवून क्रेन आणि गॅरेजचा खर्च वाढवू देणं त्याहून वाईट झालं असतं.

विस्तार घेतला तरी समुद्रमार्गे किंवा विमानाने गाडी त्या देशात नेताना होणारं नुकसान त्यात धरत नाहीत. आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला हा फरक कळायला हवा. देशातल्या देशात रस्ता, रेल्वे, अंतर्गत जलमार्ग यांवरून गाडी नेताना झालेलं नुकसान नेहमीच्या पॉलिसीत येतं. खोल समुद्र ओलांडून परदेशी नेताना वेगळा सागरी विमा काढावा लागतो.

मग टोचनचे पैसे? खासगी गाडीच्या ठरलेल्या पॉलिसीत अपघातानंतर गाडी जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणी नेणं-आणणं यासाठी एका अपघाताला जास्तीत जास्त १५०० रुपये धरलेले आहेत. यातला 'अपघात' हा शब्द अधोरेखित करा. गाडी आपसूक बंद पडली, क्लच गेला, वायरिंग जळलं, तर तो यांत्रिक किंवा विजेचा बिघाड झाला, आणि मूळ पॉलिसीत तो वगळलेलाच असतो. रस्त्यावरच्या मदतीचं वेगळं कलम जास्तीचे पैसे भरून घेता येतं, पण ते घेताना ते भारताबाहेर चालतं का हे वाचून घ्या.

आणि तो तेलाचा लाल दिवा. दगड लागून सम्प फुटला हा बाहेरून झालेला आघात, म्हणजे अपघात. पण तेल गळतंय हे दिसत असताना गाडी तशीच पुढे दामटली आणि इंजिन जाम झालं, तर ते इंजिन अपघातात गेलं नाही, नंतरच्या चालवण्याने गेलं असं धरतात. पावसाळ्यात आमच्याकडे हेच होतं. पाण्यात गाडी बंद पडते, माणूस पुन्हा पुन्हा सेल्फ मारतो, पाणी इंजिनात ओढलं जातं, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग दाव्यावर वाद. मामेभावाने इंजिन तिथल्या तिथे बंद केल्यामुळे निदान त्याच्या स्वतःच्या खिशातून जाणारा खर्च सम्प, गॅस्केट आणि तेल इतक्यावर थांबला.

गाडीत काय आहे तेही बघा. ओढली जाणारी गाडी म्हणजे काही बंद पेटी नव्हे. गोव्याहून परत येताना इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर उत्पादन शुल्कवाले फ्लॅटबेडवरच्या गाडीचीही डिकी उघडायला लावू शकतात. विनापरवाना गोव्याची दारू सापडली तर महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ खाली गुन्हा आहे, मग गाडी चालत आली की पाठीवर बसून, याने फरक पडत नाही. आंतरराष्ट्रीय सरहद्दीवर तर मोडक्या गाडीकडे जास्तच बारकाईने बघतात, कारण आतले कप्पे, उघडे दरवाजे, सैल केलेलं इंजिन यांत काहीही लपवता येतं. गाडी क्रेनवर चढवण्याआधी रिकामी करा. सामान स्वतःसोबत न्या. डिकीत फक्त स्टेपनी, जॅक आणि तो जुना पार्ट.

आता थोडं प्रत्यक्ष ओढण्याबद्दल, कारण कागद नीट असूनही गाडी वाटेत मरते ती इथे. ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढू नका. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप साधारणपणे इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरतायत, म्हणजे आतले गिअर कोरडे फिरतायत. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी नुसती पुढची चाकं उचलून नेली तरी तेच. इलेक्ट्रिक गाडीत चाकं फिरली की मोटरही फिरते आणि वीज तयार करते. या तिन्ही गाड्यांना फ्लॅटबेडच हवा.

साध्या गिअरच्या गाडीला दोरी चालते, पण मागे बसणाऱ्याला काय वाटतं हे एकदा अनुभवलंय म्हणून सांगतो. इन्सुलीच्या घाटात, पावसात, मी मागच्या गाडीत होतो. इंजिन बंद असलं की ब्रेक दोन-तीन वेळा नीट लागतो, नंतर पेडल दगडासारखं होतं, सगळा भार पायावर. स्टिअरिंगही तसंच जड. चढावर दोरी ताठ असते तोवर ठीक. उतार लागला की पुढचा हळू होतो, दोरी सैल पडून आपल्याच चाकाखाली जाते, आणि पुढच्याने पुन्हा जोर दिला की झटका मानेला बसतो. तेव्हापासून घाटात दोरी नाही, लोखंडी बार नाहीतर फ्लॅटबेड, असं मी प्रत्येकाला सांगतो. नियमही तसेच आहेत: मागच्या गाडीत लायसन्सवाला माणूस हवा, नाहीतर पुढची चाकं जमिनीपासून वर नीट उचललेली हवीत. दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, मागे 'ऑन टो' अशी पाटी हवी आणि वेग ताशी पंचवीसेक किलोमीटरच्या आत. चावी 'ऑन'वर ठेवा, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल आणि वळणावर गाडी सरळ जाईल.

आखातातल्यांसाठी थोडक्यात. अमिरातीतून ओमानात जाताना, खसबला होड्या बघायला म्हणून आपली पोरं सुट्टीत जातात, तेव्हा ओमानात चालणारा विमा हवा. अरब देशांत त्यासाठी ऑरेंज कार्ड म्हणून कागद असतो. थर्ड पार्टी आणि स्वतःच्या गाडीचं नुकसान हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोन्हीचं उत्तर एजंटकडून लेखी घ्या. भाड्याची गाडी असेल तर कंपनीचं पत्र हवं, आणि ती पलीकडे बंद पडली तर ओढून आणायचा खर्च कुणाचा, हे त्या पत्रातच वाचा.

आणि गाडी इतकी मोडली की परत आणण्यात अर्थच नाही, तर? ती तिथेच सोडून निघून यायचं नाही. मघाशी सांगितलेल्या १९५४ च्या करारात यालाही तीन वाटा आहेत: गाडीवरचं आयात शुल्क भरा, किंवा गाडी सरकारला कसलाही खर्च न लावता सोपवा, किंवा अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली ती नष्ट करा. अपघात खरोखर झाला हे शाबीत असलं पाहिजे. तिन्हींचा शेवट एकाच गोष्टीत होतो, त्या गाडीची उघडी असलेली नोंद बंद होते.

मामेभावाने तिसरी वाट धरली, ओढत आणायची. शनिवारी बुटवलमध्ये त्याने क्रेन ठरवली, गाडी रिकामी केली, मेस्त्रीकडून दोन ओळींचा कागद आणि फुटलेला सम्प घेतला. रविवारी सकाळी बेलहियापर्यंतचं पंचवीसेक किलोमीटर अंतर क्रेनच्या केबिनमधून काटलं. फाटकाच्या अलीकडे क्रेनवाल्याने गाडी खाली उतरवली आणि म्हणाला, माझं इथवरच. भन्सारच्या खिडकीवर मामेभावाने पावती दिली. आतला माणूस उठून बाहेर आला, नंबर प्लेट बघितली, बॉनेट उघडायला लावलं, खाली वाकून तेलाचे ओघळ बघितले आणि आत गेला. मग दोन पोरांनी मागून रेटा दिला, हा स्टिअरिंगवर, आणि गाडी कमानीखालून सोनौलीत आली. पलीकडे गोरखपूरचा फ्लॅटबेड उभा होता.

दुपारी त्याने मला शिक्का मारलेल्या पावतीचा फोटो पाठवला. मी तो मोठा करून तारीख वाचली. मुदतीचा शेवटचा दिवस होता.